पेट्राला जायचंय? वाचकांचे प्रश्न आणि थोडं पाण्याबद्दल

गेल्या अंकात मी आईला घेऊन जॉर्डनमधल्या पेट्राला जाऊन आले त्याबद्दल लिहिलं होतं. पेट्रा म्हणजे नबातियन नावाच्या अरब लोकांची राजधानी, दोन हजार वर्षांपूर्वी उंटांच्या तांड्यांवर श्रीमंत झालेलं, लालसर डोंगरात कोरून काढलेलं शहर, आता नुसते अवशेष उरलेत. त्यावर अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत एवढे मेसेज आणि पत्रं आली की सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं जमलं नाही. बरेच प्रश्न सारखेच होते, त्यातले सहा इथं घेतेय.

आम्ही दोघं नवराबायको डिसेंबरात ग्रुप टूरनं जॉर्डनला जातोय, टूरवाल्यानं पेट्रासाठी अर्धा दिवस ठेवलाय. पुरेल ना? आणि स्वतः गेलो तर तिकीट कितीला पडतं? – चिपळूण

नाही पुरणार ओ. आमच्या टूरवाल्यानं पण (नाव लिहीत नाही) साडेदहाला गेटवर सोडलं आणि दोनला बस सुटणार म्हणून सांगितलं. साडेतीन तासात माणूस काय बघणार, गेटपासून घळीच्या तोंडापर्यंतच पाऊण एक किलोमीटर, मग सीक नावाची ती घळ साधारण 1.2 किलोमीटर, तिच्यातून बाहेर पडलं की समोर खजने, म्हणजे फोटोत दिसते ती कड्यात कोरलेली भव्य वास्तू, आणि खरं शहर तर तिथून पुढं सुरू होतं. थिएटर, राजांच्या कबरी, खांबांचा रस्ता, देवळं, हे सगळं करत खाली जायचं आणि येताना तेवढंच अंतर चढत यायचं. बहुतेक ग्रुप खजनेसमोर फोटो काढतात आणि मागे फिरतात. आम्ही मायलेकींनी टूरवाल्याला सांगून टाकलं की आम्ही इथंच थांबतो, आणि पेट्राला लागूनच असलेल्या वादी मूसा गावात दोन रात्री राहिलो. दोन दिवस ठेवा, खरंच सांगते.

तिकीट एका दिवसाला 50 दिनार, दोन दिवसांना 55, तीन दिवसांना 60, म्हणजे दुसरा दिवस जवळजवळ फुकटच. दिनार साधारण 120 रुपयांच्या आसपास धरा. जॉर्डनमध्ये मुक्काम न करता एका दिवसासाठी येणाऱ्यांना मात्र 90 दिनार पडतात. त्यापेक्षा जॉर्डन पास घ्या, 70 ते 80 दिनारला मिळतो, त्यात पेट्राचं तिकीट येतं आणि देशात किमान तीन रात्री राहणार असाल तर व्हिसाची फी पण माफ होते, फक्त तो निघायच्या आधी ऑनलाइन काढून ठेवायचा. हे दर आणि व्हिसाचे नियम बदलत असतात, तेव्हा बुकिंग करताना एकदा बघून घ्या. अम्मानहून गाडीनं तीन तास, अकाबाहून दोन.

आणि एक, डिसेंबर म्हणताय म्हणून सांगते. तिकडे पाऊस थंडीतच पडतो, कमी पडतो पण उघड्या डोंगरांवरचं सगळं पाणी एकदम घळीत उतरतं. 1963 साली असाच लोंढा सीकमध्ये शिरला आणि वीसहून जास्त फ्रेंच पर्यटक गेले. आता धोका वाटला की लोकांना बाहेर काढतात. बाहेर पडा म्हणाले तर फोटो सोडा आणि निघा. निवांत बघायचं असेल तर मार्च ते मे नाहीतर सप्टेंबर ते नोव्हेंबर.

आमका पेट्राक जावचा आसा, पण आवस सोबत आसा, बहात्तर वर्सांची, गुडघे दुकतत. तिका जमात काय? – मालवण

होय, जमात! माझी आई एकोणसत्तरची, तिचे पण गुडघे तसलेच. खजनेपर्यंतची वाट जाताना उताराची आहे, अधेमधे जुन्या काळातली दगडी फरसबंदी उघडी पडलीय तिथं पाय सांभाळून टाकावा लागतो, बाकी सपाट. बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाड्या आहेत, त्या पैसे घेऊन खजनेपर्यंत सोडतात आणि परत आणतात, येतानाचा चढ वाचवायला त्याच घ्या. गेटपासून घळीच्या तोंडापर्यंत घोडा तिकिटातच धरलेला असतो पण बक्षिसी द्यावी लागते, ती किती ते आधीच बोलून घ्या. पुढं आत गाढवं आणि उंट असतात. गाढवावर बसून 800 पायऱ्या चढवतो म्हणून मागे लागतात, त्याला माझं नाही म्हणा. कडेला दरी, पायऱ्या झिजून गुळगुळीत झालेल्या, आणि त्या जनावरांचे हाल बघवत नाहीत.

त्या 800 पायऱ्यांवर वरती अद्-दैर नावाची कोरीव वास्तू आहे, खजनेपेक्षा मोठी, जवळजवळ 47 मीटर रुंद. आपल्याकडची पाखाडी असते ना, तशीच वाट, फक्त जांभ्याऐवजी वालुकाश्मातली आणि संपता संपत नाही अशी. तिथं आईला नेऊ नका. मी माझ्या आईला खाली खजनेसमोरच्या बाकावर बसवून एकटी वर गेले, तीन तासांनी परत आले तर ती एका बेदुईन, म्हणजे तिथल्या भटक्या अरब जमातीतल्या, बाईच्या टपरीवर आत सरकून बसलेली. त्या बाईनं तिला काचेच्या ग्लासात काळा गोड चहा दिलेला, त्यात सेजची पानं टाकतात, मरमिया म्हणतात त्याला, आणि आईनं पिशवीतली आंबापोळी काढून तिला दिलेली. एकीला मराठीशिवाय काही येत नाही, दुसरीला अरबीशिवाय, पण ती बाई आंबापोळी उन्हासमोर धरून आरपार बघत होती आणि आई हातानं ताटात रस ओतून वाळवायचं दाखवत होती. तुमच्या आईच्या पिशवीत पण काहीतरी टाकून ठेवा. पाणी, टोपी, औषधं हे तर हवंच.

वाळवंटात एवढं मोठं शहर पाण्याशिवाय कसं काय चाललं? आमच्या भूगोलाच्या सरांनी विचारलं, वर्गात कोणालाच सांगता आलं नाही. – कॉलेजची विद्यार्थिनी, रत्नागिरी

बाळा, या प्रश्नासाठी तुला मनापासून शाबासकी, कारण पेट्रात बघण्यासारखं खरं हेच आहे आणि नव्वद टक्के लोक त्याच्या बाजूनं चालत जातात आणि मान वर करून खजनेच शोधत राहतात.

तिथं वर्षाला पाऊस 150 मिलीमीटरच्या आसपास, आपल्या रत्नागिरीत 3000 च्या वर. म्हणजे आपल्याकडे जुलैत एखाद्या दिवशी जेवढा कोसळतो तेवढा त्यांना अख्ख्या वर्षात. आणि एवढ्या पाण्यावर ऐन भरात वीस-तीस हजार माणसं राहत होती असा अंदाज आहे, शिवाय तांड्यांचे उंट, बागा, आणि शहराच्या मधोमध पोहता येईल एवढा मोठा तलाव, बागेसकट.

सीकमध्ये शिरलीस की दोन्ही बाजूच्या कड्यांकडे बघ. एका बाजूला खडकात कोरलेला पाट आहे. दुसऱ्या बाजूला भाजलेल्या मातीच्या नळ्यांची लाइन. मी एका ठिकाणी अगदी नाक टेकेल एवढं जवळ जाऊन बघितलं (हात लावायचा नसतो), आपल्या मंगलोरी कौलाचा रंग, हातभर लांबीचे तुकडे, एकाचं तोंड दुसऱ्यात बसवलेलं, सांध्याला चुना लिंपलेला, आणि फुटलेल्या नळीच्या आत पाण्यातल्या क्षारांचा पांढरट थर, घरच्या बंबात साचतो तसा. दोन हजार वर्षांपूर्वी त्यातून ऐन मूसा नावाच्या झऱ्याचं पाणी गावात येत होतं. उतार एवढा बेतानं ठेवलेला की पाणी जोरानं धावून सांधे उखडू नयेत आणि साचून पण राहू नये. अधूनमधून छोटे हौद, त्यात गाळ खाली बसायचा आणि वरचं निवळलेलं पाणी पुढं जायचं.

हे झालं झऱ्याचं. पावसाच्या पाण्यासाठी डोंगरावर जिथं जिथं घळ दिसेल तिथं बांध, कड्यावरून ओघळणारं पाणी वळवायला खडकात खाचा, आणि त्या खाचा जाऊन पोचतात चुन्याचा गिलावा केलेल्या टाक्यांत. अशा टाक्या आणि बांध शेकड्यांनी सापडलेत. सीकच्या तोंडाशीच त्यांनी धरण घातलं आणि बाजूच्या डोंगरातून बोगदा काढून पुराचा लोंढा दुसरीकडे वळवला, गाव वाचावं म्हणून. नंतर शहर ओस पडलं, धरणाकडे बघणारं कोणी उरलं नाही, आणि मी वर 1963 चं लिहिलंय ते झालं. त्यानंतर त्याच जागी परत धरण बांधलंय.

डायोडोरस नावाच्या ग्रीक लेखकानं या लोकांबद्दल लिहून ठेवलंय की हे वाळवंटात जमिनीखाली टाक्या खणतात, तोंड अगदी लहान आणि आत खाली रुंद होत जाणारी, भरल्या की तोंड बुजवतात आणि खुणा फक्त त्यांनाच माहीत. शत्रू मागे लागला की हे वाळवंटात पळायचे, पाठलाग करणारे तहानेनं परत फिरायचे.

आता तुझ्या सरांना हे पण विचार. आमच्या वाडीत एप्रिल संपता संपता विहिरीचा तळ दिसायला लागतो आणि मे महिन्यात टँकरची वाट बघत हंडे रांगेत, तुझ्याकडे पण असंच असेल. पाऊस वीसपट, तरी टँकर. कारण आपला जांभा सच्छिद्र, पाणी धरून ठेवत नाही, उतार तीव्र, समुद्र जवळ, पडलेलं पाणी पऱ्ह्यानं धावत काही तासांत खाडीला जाऊन मिळतं. ही कारणं खरी आहेत, पण पेट्राची माती आणि उतार काही आपल्यापेक्षा सोपे नव्हते. काही गावांत दिवाळीच्या सुमारास सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून पऱ्ह्यावर वनराई बंधारा घालतात, त्यामुळे विहिरींना पाणी महिना दीड महिना जास्त टिकतं. मला ते सीकमध्ये उभं असताना आठवलं आणि खरं सांगू, डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या बंधाऱ्याला तू पण जा, आणि वर्गातल्यांना घेऊन जा.

मी चौलजवळ राहतो, इतिहासाचा शिक्षक होतो. आपल्या किनाऱ्याचा आणि पेट्राचा व्यापार होता असं तुम्ही ओझरतं लिहिलंत, जरा सविस्तर सांगाल का? – अलिबाग

काका, तुम्हाला मी काय सांगणार, पण प्रयत्न करते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं पेरिप्लस नावाचं ग्रीक पुस्तक आहे, कोणा अनामिक दर्यावर्दी व्यापाऱ्यानं लिहिलेलं, तांबडा समुद्र आणि हिंदी महासागरातली बंदरं, कुठं काय मिळतं, कुठं काय विकावं. त्यात आपल्या किनाऱ्यावरची सोपारा, कल्याण, आणि सेमिल्ला म्हणजे तुमचं चौल येतं. त्याच्या खाली मंदागोरा, मेलिझिगारा वगैरे नावं आहेत, बाणकोट-मंडणगड, जयगड असं अभ्यासक सुचवतात, सगळ्यांचं एकमत नाही. आणि त्याच पुस्तकात तांबड्या समुद्राकाठचं ल्युकी कोमे नावाचं बंदर येतं, तिथून वाट पेट्राला जाते, नबातियन राजा मलिकसकडे, असं स्पष्ट लिहिलंय. आत येणाऱ्या मालावर तिथं चौथा हिस्सा जकात! म्हणजे चौल आणि पेट्रा एकाच माणसाच्या वहीत, थोड्या पानांच्या अंतरानं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्रभर झोपले नव्हते.

माल जायचा कसा, तर मोसमी वारे धरून. आपल्याकडून गलबतं अरबस्तानच्या दक्षिण टोकाला, एडनच्या बाजूला जायची. आधीच्या काळात हिंदुस्थानातली आणि इजिप्तमधली जहाजं तिथंच भेटायची, पुढं कोणी जायचं नाही, असं पेरिप्लसवालाच सांगतो. तिथून मिरी-मसाले, कापड आणि तिथलाच धूप असं सगळं उंटांवर चढायचं आणि वाळवंटातून महिनोन् महिने चालत उत्तरेला, हेग्रा, पेट्रा आणि मग गाझा बंदर. नबातियन लोक यातलं स्वतः काही पिकवत नव्हते म्हणा ना, त्यांच्याकडे होती वाट, पाणी आणि संरक्षण, आणि त्याचेच ते पैसे घ्यायचे.

मग रोमन जहाजं इजिप्तच्या बेरेनिकेसारख्या बंदरांतून थेट वाऱ्यावर हिंदुस्थानात यायला लागली. बेरेनिकेच्या उत्खननात देवळाच्या आवारात हिंदुस्थानी बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी मिळालीय, आणि आपल्याकडच्या सागवानाची लाकडं तिथल्या बांधकामात. जहाजानं माल स्वस्तात पोचला की उंटाची वाट मागे पडणार. 106 साली ट्राजन बादशहाच्या काळात रोमनांनी पेट्रा ताब्यात घेतलं, 363 साली मोठा भूकंप झाला, तरी लोक पुढं काही शतकं राहत होते, चर्च बांधलं, 1993 मध्ये त्या चर्चमध्ये जळालेल्या कागदपत्रांचे गठ्ठे सापडले. पण व्यापार ओसरला तसं गाव ओसरलं. काका, चौलचं पण असंच ना? खाडी गाळानं भरत गेली, आणि आज नारळी-पोफळीच्या वाडीत मधूनच एखादी जुनी भिंत डोकं काढते.

जाता जाता, सीकमध्ये एका कड्यावर उंटांचा तांडा कोरलाय. वरचा भाग पाणी आणि वाऱ्यानं झिजून गेलाय, उंटांचे आणि त्यांना ओढणाऱ्या माणसांचे फक्त पाय शिल्लक आहेत, वस्त्राच्या चुण्यांसकट. त्या पायांसमोर मी कितीतरी वेळ उभी होते.

त्या खजनेत खरंच खजिना होता का? – इयत्ता आठवी, देवगड

नाही रे. ती कबर असावी असं मानतात, आत साधी रिकामी दालनं आहेत. पण शब्द बघ, खजने म्हणजे आपला खजिनाच, तो अरबीतूनच मराठीत आलाय. फेरोनं, म्हणजे इजिप्तच्या राजानं, आपलं धन वरच्या दगडी कलशात लपवलंय अशी तिथल्या लोकांची समजूत होती, म्हणून खालून त्यावर गोळ्या झाडायचे, फुटेल आणि सोनं पडेल म्हणून. कलश अख्खा दगडाचा, आतून भरीव. गोळ्यांच्या खुणा अजून दिसतात, जवळजवळ चाळीस मीटर उंचीवर आहे तो, दुर्बीण घेऊन जा. 1812 साली बर्कहार्ट नावाचा स्विस माणूस अरबी वेशात तिथं पोचला तेव्हा युरोपला हे शहर परत कळलं, तिथल्या बेदुईनांना ते आधीपासून माहीत होतंच. आणि वादी मूसामधलं वादी म्हणजे आपली वाडी नव्हे, वादी म्हणजे कोरडं नदीपात्र. माझा पण आधी तोच गोंधळ झाला होता.

एवढे लाखभर रुपये घालवून परदेशातले दगड बघायला जायचं कशाला? आपल्याकडे काय कमी आहे? – राजापूर

ताई, तुमचं म्हणणं मला पटतं, रागावून लिहिलंय तरी. तुमच्याच तालुक्यात बारसू आणि देवाचं गोठणं इथली कातळशिल्पं, कशेळीला सड्यावर कोरलेला अठरा मीटर लांबीचा हत्ती, त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी, आणि पलीकडे रत्नागिरीत उक्षी. 2022 मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, पेट्रा 1985 पासून मुख्य यादीत आहे. तिकडे प्रत्येक खडकाला पहारा, इकडे सड्यावरून डंपर गेलेले मी बघितलेत. जाणाऱ्यानं दोन्ही बघावं असं मला वाटतं, आणि ज्याला तिकडे जाणं शक्य नाही त्यानं इकडचं तरी नीट बघावं.

दापोलीजवळ पन्हाळेकाजीला 29 लेणी आहेत. आणि माझ्या सगळ्यात आवडीचं म्हणजे रायगड जिल्ह्यातल्या तळा गावाजवळचं कुडा, इंदापूरहून तळा आणि पुढं मांदाडच्या बाजूला, 26 लेणी, खाली खाडी. पेट्राचे कारागीर वरून खाली कोरत यायचे, तीच पद्धत आपल्या लेण्यांची. पावसाचं पाणी साठवायला आपल्याकडेही लेण्यांशेजारी खडकात टाकी कोरलेली असतात, जुन्या शिलालेखांत त्यांना पोढी म्हणतात, आणि पोढी दान दिली असं वेगळं लिहिलेलं असतं, लेणं दान देण्याएवढंच मोठं काम होतं ते. कुड्याच्या शिलालेखांत दान देणारे कोण आहेत बघा, एक माळी, एक वैद्य, आणि कऱ्हाडहून आलेला लोखंडाचा व्यापारी. घाट उतरून, बैलांवर माल लादून तो या खाडीशी आला असणार, जहाजांसाठीच.

नोव्हेंबरनंतर जा, गवत वाळलेलं असतं आणि वाट दिसते. टॉर्च न्या, सकाळी लवकर पोचा, शिलालेखांची अक्षरं तिरप्या उन्हात नीट उठून दिसतात. लेण्याबाहेरच्या टाक्यांत वाकून बघा, आणि त्यात प्लास्टिकच्या बाटल्या दिसल्या तर तेवढ्या काढून घेऊन या, मी गेले तेव्हा सात होत्या.